मोमोलांच्या गोष्टी : रविवारच्या तासाची वही

3 नोव्हेंबर 2024, रविवार

पहिला तास झाला. पोरं एकोणीस: अकरा आमच्या गावची, आठ कॅम्पातली. सकाळी दहा ते बारा. जागा कॅम्पातल्या एका घराचा ओटा.

वही उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर म्हणून एकदाच लिहून ठेवते. कॅम्प म्हणजे नॉर्ग्येलिंग, गोठणगावजवळची तिबेटी वसाहत, तालुका अर्जुनी मोरगाव, 1972 सालची. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया 1999 मध्ये वेगळा झाला, पण कॅम्पातली म्हातारी माणसं अजून 'भंडारा'च म्हणतात. आमच्या गावाहून सायकलने वीस मिनिटं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे. पाहुणे आले की त्यांना कॅम्प दाखवायला नेलं, थुक्पा खाल्ला, फोटो काढले. कुणाच्या ओट्यावर बसून गोष्ट मात्र कधी ऐकली नव्हती.

काम असं: कॅम्पातल्या आजीआजोबांकडून गोष्टी ऐकायच्या, पोरांनी त्या लिहायच्या, चित्रं काढायची, आणि मार्चपर्यंत सहा पातळ पुस्तिका करायच्या. डावीकडे मराठी, उजवीकडे तिबेटी. तिबेटी बाजू कॅम्पातले एक निवृत्त गुरुजी बघतील. त्यांना सगळे गेन-ला म्हणतात. छपाई म्हणजे झेरॉक्स. पैसे आम्ही चार मैत्रिणींनी घातले आहेत.

तक्ता आखला: गोष्ट, पात्रं, संस्कृती, मूल्य. चौथा रकाना माझ्या हाताच्या सवयीचा. परिपाठात रोज एक बोधकथा आणि तिच्या शेपटीला तात्पर्य. मूल्यशिक्षणाची ती दहा मूल्यं, नीटनेटकेपणापासून राष्ट्रीय एकात्मतेपर्यंत, मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील.

गोष्ट सांगणार मोमो-ला. आमच्या पोरांनी हे नाव ऐकलं आणि हसू आवरेना. 'मॅडम, आजीलेच मोमो म्हणते?' साकोलीच्या गाड्यावरचा मोमो त्यांना माहीत. कॅम्पातल्या पोरींनी समजावलं: मोमो म्हणजे आजी, ला म्हणजे जी. खायचा शब्द वेगळा, कानाला सारखा लागतो एवढंच. मग नवीन पंचाईत. मराठीत विभक्ती लावली की 'मोमोलाला विचारा'. बारक्या पोरांना तर दिवसभराचं खेळणं मिळालं.

आज गोष्ट झालीच नाही. नावातच बारा वाजले.

10 नोव्हेंबर

गोष्ट पहिली: थुनपा पुनशी. चार मित्र. कॅम्पात हे चित्र भिंतीवर आहे, कॅलेंडरवर आहे, एका घरी तर थर्मासवर आहे: हत्ती, त्याच्या पाठीवर माकड, माकडावर ससा, सशावर पक्षी.

मोमो-लांनी सांगितली ती अशी. काशीच्या रानात चौघे राहत. आपल्यात थोरला कोण, कुणाला आधी नमस्कार करायचा, असा प्रश्न पडला. समोर एक वड होता. हत्ती म्हणाला, मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा माझ्याएवढा होता. माकड म्हणालं, माझ्याएवढा होता. ससा म्हणाला, मी पाहिला तेव्हा याला दोनच पानं होती, त्यांवरचं दव मी चाटलं होतं. पक्षी गप्प होता. शेवटी म्हणाला, मी एक बी खाल्लं होतं, आणि इथे येऊन…

'हागला!' पाचवीतला चष्मेवाला ओरडला. सगळा ओटा हसून लोळला. मोमो-ला सगळ्यांत जास्त.

पक्षी म्हणजे तितीर. आमच्या पोरांना तितीर शिकवावा लागत नाही, कुठल्या बांधावर सापडतो तेही त्यांना ठाऊक. उलट त्यांनीच चित्रात चूक काढली. हा वड नाही, म्हणाली, पारंब्या कुठे आहेत? खरंच, चित्रातल्या झाडाला गोल गोल फळं, पारंबी एकही नाही. गेन-ला हसले. म्हणाले, ज्यांनी हे चित्र पहिल्यांदा काढलं त्यांच्या देशात वड नव्हता. ऐकीव वड आहे तो.

गोष्ट मुळात इथलीच. पाली जातकात तित्तिर जातक आहे, त्यात ससा नाही, तिघेच आहेत. तिथे निमित्त असं की तरुण भिक्षूंनी निजायच्या जागा आधीच धरल्या आणि सारिपुत्तासारख्या थोरल्याला रात्र झाडाखाली काढावी लागली. ते ऐकून बुद्धांनी ही गोष्ट सांगितली. तिबेटला जाताना वाटेत ससा येऊन मिळाला.

चष्मेवाल्याने लगेच निकाल दिला: 'म्हंजे हे आमचीच गोष्ट हाय.' कॅम्पातली मोठी बहीण (दोघी बहिणी आहेत, मोठी आठवीत) म्हणाली, 'मग तुला माहीत का नव्हती?' त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मोमो-लांच्या गोष्टीला एक शेपूट आहे, ते मला फार आवडलं. चौघे एकमेकांना मान देऊन राहू लागले तसा मुलखात पाऊस वेळेवर पडू लागला, पिकं आली. राजाला वाटलं माझ्यामुळे. राण्यांना वाटलं आमच्यामुळे. प्रधानांना वाटलं आमच्यामुळे. शेवटी एका ऋषीने सांगितलं, बाबांनो, रानातल्या त्या चौघांमुळे. निवडणुकीचे भोंगे रस्त्यावरून जात होते तेव्हाच हे चाललं होतं. मी तोंडावर पदर धरला.

रकाना चार: ज्येष्ठांचा आदर. इतकं सोपं काम बावीस वर्षांत झालं नव्हतं.

17 नोव्हेंबर

गृहपाठ होता: घरातल्या थोरांना विचारा, तुम्ही लहान असताना पाहिलेलं कोणतं झाड किंवा वस्तू अजून इथे आहे? उत्तरं चांगली आली. एका आज्याने बांधावरचा मोह सांगितला. एकीच्या आजीला इटियाडोह धरणाचं काम चालू असतानाचे ट्रक आठवतात.

मग खरी मजा. आमच्या गावचे एक आबाजी नातीला सोडायला आले आणि ओट्यावर टेकले. म्हणाले, हे तिबेटी लोक आले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, तंबू बघायला पळत आलो होतो. म्हणजे या जागेचा जुना माणूस मी. मोमो-ला म्हणाल्या, 'तेव्हा तुझ्या नाकात शेंबूड होता. मी मोठी.' वय विचारलं तर त्या फक्त 'घोड्याचं वर्ष' म्हणतात. बारा वर्षांचं चक्र, बारा प्राणी. पोरांनी फळ्यावर गणित मांडलं: घोड्याची वर्षं 1942, 1954, 1966. सन 59 मध्ये तिबेट सोडताना त्या पाठीवर भाऊ बांधून डोंगर चढल्या होत्या, म्हणजे 54 नाही. 1942. ब्याऐंशी.

तर थोरला कोण? वयाने मोमो-ला, जागेने आबाजी. गोष्टीत तर थोरपण झाडाच्या ओळखीवरूनच ठरलं होतं. पोरं खरोखर अडकली. मत घ्यायचं ठरलं, त्यात दोन्ही गावांची पोरं आपापल्या माणसामागे उभी राहिली. आबाजींच्या नातीने मात्र मोमो-लांना मत दिलं आणि आजोबांचा डोळा चुकवत बसली.

बुधवारी मतदान, माझी ड्युटी लागली आहे. पुढचा रविवार तास नाही, पाय जागेवर आले तर बघू.

1 डिसेंबर

कॅम्प रिकामा आहे. स्वेटर विकायचा हंगाम. दिवाळीच्या आधीच धडधाकट माणसं गाठोडी घेऊन शहरोशहरी गेली, ती थंडी संपल्यावर येतील. मागे म्हातारी आणि पोरं. संध्याकाळी फोन येतात तेव्हा प्रत्येक ओट्यावर एकेक पोर मोबाइल कानाला लावून उभं असतं. गोष्टी आजीकडून येतात हे आपण सगळीकडे म्हणतो, इथे त्याला धंद्याचं कारण आहे.

गोष्ट दुसरी: 'चल'. तळ्याकाठी सहा ससे. झाडावरचं पिकलं फळ पाण्यात पडतं: चल! ससे घाबरून पळतात. कोल्हा विचारतो, काय झालं? 'चल आला!' कोल्हा पळतो. मग माकड, हरिण, डुक्कर, रेडा, वाघ. शेवटी सिंह विचारतो, चल कोण आहे, कुणी पाहिला?

आमची पोरं पहिल्या मिनिटालाच पुढे गेली: आभाळ पडलं रे पडलं, पळा पळा! तीच गोष्ट. पण आमच्या सशाला निदान आभाळ पडतंय असं काहीतरी वाटलं होतं. इथल्या सशांना काहीच वाटलेलं नाही. नुसता आवाज, त्याचं नाव झालं, नावाचा राक्षस झाला. 'चल कसा दिसतो?' 'माहीत नाही.' 'कुठे आहे?' 'मागे.' मला ही जास्त भीतिदायक वाटली, आणि जास्त खरी. व्हॉट्सॲपवर मुलं पळवणारी टोळी आली होती त्या आठवड्यात गावात हेच झालं होतं.

मोमो-लांच्या तोंडात तो आवाज 'चल' आणि 'चेल'च्या मधे कुठेतरी आहे. मराठीत 'चल' लिहिलं की पोरांना निराळाच आनंद. 'चल आला, चल!' मधल्या सुट्टीत अख्खी पलटण हेच ओरडत पळाली. मराठीत लिहिताना 'धप्प' किंवा 'डुबुक' करावं का? मतदान: चलच.

8 डिसेंबर

चुकीची नोंद, सविस्तर. माझीच चूक आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

मोमो-लांनी लहानपणची एक हकीकत सांगितली होती, ती मी प्रस्तावनेसाठी लिहून काढली. पहिलं वाक्य: 'त्या रोज सकाळी याकचं दूध काढत.' गेन-लांनी ते तिबेटीत करून मोठ्याने वाचलं. मोमो-ला आधी गप्प झाल्या, मग इतक्या हसल्या की पाणी आणावं लागलं. याक म्हणजे नर. मादी ती ड्री. 'गेन-ला, तू बैलाचं दूध काढून राहिली!' (मलाही त्या गेन-लाच म्हणतात. शिकवणारा तो गेन.) आता पोरं माझ्याकडे बघून गालात हसतात. एकाने चित्रही काढलं आहे, ते मी जप्त केलेलं नाही.

दुसरी गोष्ट यापेक्षा जड. 'चार मित्र' मी परिपाठाच्या मापात बसवली होती, चौदा ओळी आणि तात्पर्य. गेन-लांनी वाचली. नम्र माणूस आहे, लगेच काही बोलले नाहीत. कागद दुमडून परत दिला आणि म्हणाले, 'चांगली आहे. कुठल्याही देशाची आहे.'

घरी येऊन दोन कागद शेजारी ठेवले: मोमो-लांचं बोलणं जसंच्या तसं, आणि माझ्या चौदा ओळी. माझ्यातून काय काय गेलं ते मोजलं. काशी गेली. दव गेलं. तितराचं हागणं अर्थातच गेलं. राजा, राण्या, प्रधान गेले. तितीर 'पक्षी' झाला, वड 'झाड' झाला. राहिलं काय, तर मोठ्यांना मान द्यावा. ते तर आमच्या पोरांना तिबेटहून मागवावं लागत नाही, घरी रोज मिळतं, कधी कधी चपलेसकट.

म्हणजे चौथा रकाना भरताना मी तिसरा रिकामा करत होते.

ठरवलं: गोष्टीतली एकही वस्तू कापायची नाही. समजत नसेल तर आणून दाखवायची.

15 डिसेंबर

वस्तू पहिली: त्साम्पा. गोष्टीत जो निघतो तो त्साम्पाची पिशवी घेऊन निघतो. मी मसुद्यात 'शिदोरी' लिहिलं होतं.

मोमो-लांनी लाकडी वाटी काढली. तळाला लोण्याचा खारा चहा, वर भाजलेल्या जवाचं पीठ. एका हाताने वाटी फिरवत दुसऱ्या हाताची बोटं कडेकडेने पीठ आत दाबत जातात, सांडत नाही एक कण. मग मुठीत वळून गोळा. आमची एक पोरगी चाखून म्हणाली, 'हे तर सातू!' आणि बरोबर बोलली. मराठीत सातू म्हणजे मुळात जवच. आपण पुढे त्यात गहू घातला, डाळवं घातलं, गूळ घातला आणि नाव तेच ठेवलं. पुस्तिकेत आता असं जाईल: त्साम्पा, म्हणजे सातूचं पीठ, गुळाशिवाय. 'गुळाशिवाय' हा शब्द पोरांनी आग्रहाने घालून घेतला.

खाऱ्या चहाबद्दल आमच्या अकरा जणांचं मत इथे लिहीत नाही.

22 डिसेंबर

थंडी कडक. तास उन्हात, अंगणात.

गोष्ट तिसरी: वाघ आणि बेडूक. भुकेला वाघ, समोर बेडूक. बेडूक म्हणतो, मी बेडकांचा राजा, तुला पैज लावायची तर लाव. नदीवरून उडी मारायची. वाघ उडी घेतो, बेडकाने त्याची शेपटी तोंडात धरलेली. पलीकडे वाघ वळून पाण्यात बघतो तेव्हा शेपटीच्या झटक्याने बेडूक त्याच्याही पुढे जाऊन पडतो. मग ओकायची पैज. वाघाचं पोट रिकामं, थोडं पाणी निघतं. बेडूक थुंकतो तर वाघाचे केस! 'हे कुठले?' 'काल एक खाल्ला होता.' वाघ पळतो. वाटेत कोल्हा भेटतो, धीर देतो, चल म्हणतो, शेपट्या बांधून जाऊ. बेडूक त्यांना बघून ओरडतो, 'काय रे कोल्ह्या, आज मला जेवायला आणलंस ते हे कुत्रं का?' वाघ जो सुटतो तो कोल्ह्याला फरफटत. अजून पळतच असतील, असा शेवट.

नवेगाव-नागझिऱ्याचं रान इथून लांब नाही. वाघाची गोष्ट आमच्याकडे सगळेच हसून ऐकत नाहीत. पण एक पोरगा आहे, त्याचे वडील वनरक्षक. तो एकदम गंभीरपणे म्हणाला, 'मॅडम, वाघाच्या विष्ठेत केस असते. बाबा केस पाहून सांगते का खाल्लं ते.' म्हणजे बेडकाने पुरावा बरोबर दिला होता. वाघ मूर्ख नव्हता, पंचनामा वाचून पळाला.

रकाना चार. सहा गोष्टींचा तक्ता मैत्रिणींना पाठवायचा आहे, त्यांनी दोनदा विचारलं. बेडकासमोर काय लिहू? 'प्रसंगावधान' लिहिलं. खोडलं. बेडूक तीनदा सरळ खोटं बोलतो. मोमो-लांना विचारलं, यातून पोरांनी काय घ्यायचं? त्यांना प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारला. मग म्हणाल्या, 'बेडूक छोटा हाय ना, गेन-ला. मोठा असता तर खोटं काहून बोलला असता?'

तेच लिहिलं. मूल्याच्या रकान्यात पहिल्यांदाच प्रश्नचिन्ह गेलं.

5 जानेवारी 2025

पोरं नऊ. सर्दी-खोकला.

मोठ्या बहिणीने विचारलं, अखु तोंपाच्या गोष्टी का घेत नाही? अखु म्हणजे काका. तिबेटचा हा काका बिरबल आणि तेनालीरामाच्या जातीचा, फक्त त्याला लाज कमी. गेन-लांनी माझ्याकडे पाहिलं, मी गेन-लांकडे. त्याच्या निम्म्याअधिक गोष्टी पोरांसमोर सांगण्याजोग्या नाहीत. मोमो-ला म्हणाल्या, मला बऱ्याच येतात, आणि खुसखुसल्या. पोरं गेल्यावर त्यांनी मला एक सांगितली. इथे लिहीत नाही.

19 जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन गेले. 'गोड बोला' म्हणाले, आणि योगायोग असा की आजपासून सुरू झाली ती न बोलण्याची गोष्ट.

रो-डुंग. प्रेताच्या गोष्टी. वेताळ पंचविशी तिबेटात गेली आणि तिचं हे झालं. विक्रम-वेताळ आमच्या पोरांना टीव्हीवरून माहीत, मला चांदोबातून: झाडावर लोंबणारा वेताळ, खांद्यावर प्रेत टाकून निघालेला राजा. इथे राजा नाही, एक पोरगा आहे. सात जादूगार भाऊ त्याच्या थोरल्या भावाला विद्या शिकवतो सांगून नुसते राबवतात. हा धाकटा रात्री फटीतून बघून सगळी शिकतो. मग पाठलाग: हा घोडा होतो, मासा होतो, कबुतर होतो, शेवटी एका गुहेत शिरून ध्यानाला बसलेल्या आचार्यांच्या जपमाळेचा मणी होतो. सात जादूगार वेष पालटून माळ मागतात. मण्यांचे किडे होतात, ते सात कोंबड्या होऊन किडे टिपायला लागतात, तेवढ्यात पोरगा माणूस होऊन सातही माना मोडतो. जमिनीवर सात कोंबड्या नाहीत, सात माणसं मरून पडलेली.

इथे ओटा एकदम गप्प झाला. आतापर्यंत पोरं त्याच्या बाजूने टाळ्या पिटत होती.

आचार्य म्हणतात, सात जीव घेतलेस. फेडायचं असेल तर थंड स्मशानातून ते प्रेत आण, कमरेच्या वर पिरोजाचं, खाली सोन्याचं. पाठीवर घे, आणि वाटेत एक शब्दही बोलू नकोस. बोललास की ते उडून परत जाईल.

हे आचार्य म्हणजे नागार्जुन. तिबेटी परंपरा त्यांचा जन्म विदर्भातला सांगते, आणि रामटेकला त्यांच्या नावाची टेकडी आहे. हे मी सांगितलं तेव्हा गेन-लांना ठाऊक होतंच. मोमो-लांना नव्हतं. त्यांनी विचारलं, रामटेक किती लांब? म्हटलं, बसने सकाळी निघालं तर दुपारपर्यंत. 'पन्नास साल झाले, कोणी बोललं नाही,' असं म्हणून त्या बराच वेळ बसून राहिल्या.

2 फेब्रुवारी

रो-डुंग पुढे. वेताळ आणि हे प्रेत यांतला फरक आज वनरक्षकाच्या पोराने पकडला. वेताळ गोष्ट संपल्यावर प्रश्न टाकतो, उत्तर माहीत असून दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील. राजा हुशार म्हणून बोलतो आणि फसतो. हे प्रेत प्रश्नच विचारत नाही. नुसती गोष्ट सांगतं, इतकी रंगवून की पोरगा भान विसरून म्हणतो, 'अरेरे!' किंवा 'मग पुढे?' आणि प्रेत गेलं. हातात कुऱ्हाड, शंभर मावतील अशी पिशवी आणि न संपणारा खाऊ घेऊन हा पुन्हा पहिल्यापासून.

'म्हंजे त्याची काही चुकीच नाही,' तो म्हणाला. 'गोष्ट चांगली होती म्हणून बोलला.'

बावीस वर्षं पोरांना गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारते आहे. वेताळच की मी.

नियम ठरला: प्रेत बोलत असताना ओट्यावर कुणी आवाज केला तर गोष्ट तिथेच बंद, पुढच्या रविवारी नव्याने. पहिल्या आतल्या गोष्टीत तीन मिनिटं गेली नाहीत तोच बारकीने 'अगं बाई!' केलं. मोमो-लांनी तोंड मिटलं, वाटी उचलली आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं परत येतील. आल्या नाहीत.

9 आणि 16 फेब्रुवारी

दोन्ही वेळा प्रेत उडालं. एकदा चष्मेवाला, एकदा गेन-ला स्वतः.

तक्ता मैत्रिणींना पाठवला. चौथा रकाना काढून टाकला, त्याऐवजी 'पोरं काय बोलली' असा रकाना आहे. एकीचा फोन आला, हे काय, मूल्यं कुठे गेली? म्हटलं, वाच आणि मग सांग. दोन दिवसांनी तिचा मेसेज: बेडकासमोरचं वाक्य कुणाचं आहे?

27 फेब्रुवारी, गुरुवार

काय आठवडा आहे. काल महाशिवरात्र, प्रतापगडची यात्रा, रस्ता माणसांनी भरलेला. आज मराठी भाषा गौरव दिन. उद्या लोसार, तिबेटी नवीन वर्ष, लाकूड-सापाचं.

शाळेत आज कॅम्पातल्या दोघी बहिणींना बोलावलं होतं. भाषण नको, फळ्यावर काहीतरी दाखवा म्हटलं. मोठीने तिबेटी मुळाक्षरं काढली, तीस. वाचून दाखवली: क, ख, ग, ङ. पोरं चमकली, ही तर आपलीच! परंपरा सांगते की सातव्या शतकात थोन्मी संभोट भारतातून लिपी शिकून गेला, त्यातून हे अक्षर घडलं.

मग धाकटी ङ वर बोट ठेवून म्हणाली, 'हे तुम्ही काय करता?' आमच्या पोरांनी प्रामाणिकपणे सांगितलं: काही नाही. पाठ करतो. बरोबर आहे. वाङ्मयासारखे दोन-चार शब्द सोडले तर त्या अक्षराला मराठीत काम नाही, आणि वाङ्मय हा शब्द चौथीच्या पोराला कधी लागत नाही. धाकटी म्हणाली, 'आम्हाला पहिल्यांदा हेच लागतं. ङा म्हणजे मी.'

दुपारभर अख्खा वर्ग छातीवर हात ठेवून ङा, ङा करत होता. नाकातून. मुख्याध्यापक दोनदा डोकावून गेले.

2 मार्च

स्वेटरवाले परतले, कॅम्प भरला. ओट्यावर आज आईबाप, काका, सगळे. नवी झेंड्यांची माळ छपरावर.

लोसारच्या आधी गुथुक झाला होता. त्या सूपमध्ये पिठाचे मोठे गोळे असतात, प्रत्येकाच्या पोटात काहीतरी लपवलेलं. ज्याला मिरची निघेल तो बडबड्या, कोळसा निघेल तो काळ्या मनाचा. फोडून सगळ्यांना दाखवायचं आणि सगळ्यांनी हसायचं. बहिणींनी आमच्या दोघा-तिघांना बोलावलं होतं. चष्मेवाल्याला मिरची निघाली, यात कुणाला नवल वाटलं नाही. कोळसा निघाला मोमो-लांना. त्यांनी तो कपाळाला चोळला म्हणे आणि सगळ्यांना भेडसावलं.

मूल्यशिक्षणाचा तास मी आजवर असा घेतलेला नाही, आणि शाळेत घेऊ देतील असंही वाटत नाही.

तीन पुस्तिका छापून झाल्या, प्रत्येकी चाळीस प्रती. झेरॉक्सवाल्याने डावं-उजवं उलटं लावलं, 'चल'मध्ये सिंह आधी येतो आणि फळ शेवटी पडतं. पंधरा प्रती तशाच वाटल्या. एका बापाने वाचून विचारलं, मग ससे आधी काहून पळाले? पोरांनी त्यांना घेरून गोष्ट तोंडी सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी तिबेटीत.

9 मार्च

उद्या 10 मार्च. 1959 च्या उठावाचा दिवस, कॅम्पात कार्यक्रम आहे, ओट्यावर कापडी फलक वाळत घातलेले. तास लवकर संपवायचं ठरलं.

सहापैकी पाच पुस्तिका तयार. सहावी रो-डुंगची. तिची आतली एकही गोष्ट अजून शेवटाला गेलेली नाही, त्यामुळे लिहिणार काय? गेन-ला म्हणाले, मला पाठ आहेत, मी लिहून देतो. पोरांनी चक्क नकार दिला. ती फसवणूक होईल, वनरक्षकाचा पोरगा म्हणाला.

आज मात्र सगळे तयारीने आले होते. बारकीने तोंडाला रुमाल बांधलेला. चष्मेवाला ओठ दातात धरून. पुठ्ठ्याची कुऱ्हाड मधोमध ठेवली होती. मोमो-लांनी सुरू केलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एका गरीब पोरीची गोष्ट होती, बेडकाशी लग्न लागलेली. बेडूक रात्री कातडं उतरवतो. ती जागी होते. कातडं चुलीपाशी पडलेलं आहे. ती ते उचलते…

'नको गं जाळू!' मी म्हणाले.

एकोणीस पोरं माझ्याकडे वळली. 'गेलं!' एवढ्या जोरात की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. मोमो-लांनी वाटी उचलली, कोळशाचा डाग असलेल्या कपाळाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या.

पुढचा तास 16 मार्च, धुळवडीनंतरचा. येताना मोमो-लांच्या डोळ्यांचे थेंब आणायचे आहेत, चिठ्ठी दिली आहे. पुठ्ठ्याची कुऱ्हाड मोडली, नवीन करणे.